मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती?

‘शैक्षणिक कर्ज हे कर्ज नव्हेच, ती मुलांच्या भवितव्यातील गुंतवणूक होय,’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडते की, त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटेनासे झाले आहे. बँकेच्या माहितीपत्रकात ते असते, महाविद्यालयाच्या जाहिरातीत असते, आणि रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात रंगणाऱ्या गप्पांतही ते आता सहज ऐकू येते. वास्तविक गुंतवणूक म्हटली की कोणताही जाणता गृहस्थ तीन प्रश्न विचारतो. पैसा किती घालायचा, किती व केव्हा परत यायचा, आणि बुडालाच तर कोणाचा बुडायचा? आपले आजोबा बैल विकत घेताना त्याचे दात मोजून पाहत. नातवाच्या पदवीसाठी वीस लाखांच्या कागदावर सही करताना त्याच घरातील सुशिक्षित माणसे एकही प्रश्न विचारीत नाहीत, ह्याला काय म्हणावे? विद्येविषयीचा आदर म्हणावे, तर ह्या आदराचे व्याज दुसऱ्याच्याच तिजोरीत जमा होत आहे.

हा लेख डिझाइनच्या पदवीपुरता आहे. (मराठीत ह्या विषयासाठी ‘संकल्पन’, ‘अभिकल्प’ असे शब्द घडवले गेले आहेत, परंतु ज्या घरांतून मुले हे शिक्षण घ्यायला जातात त्या घरांत ‘डिझाइन’ हाच शब्द रुळला आहे, म्हणून तोच वापरतो.) परिचारिकेला, शिक्षकाला किंवा वीजतंत्र्याला काय मिळते ह्याचा अंदाज आपल्या कोणत्याही कुटुंबात बांधता येतो, कारण नात्यात त्यांपैकी कोणीतरी असतेच. डिझाइनचे तसे नाही. एकाच वर्गातून एकाच दिवशी पदवी घेतलेल्या दोन मुलींपैकी एक बंगळुरूच्या एखाद्या संगणक कंपनीत मोबाइलच्या पडद्यांची रचना करते, तर दुसरी वसई रोडच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची मांडणी करीत बसते. दोघींचे प्रमाणपत्र एक, शुल्क एक, बँकेचा हप्ताही एकच. कमाईत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. ज्या झाडाला एका फांदीवर हापूस आणि दुसऱ्या फांदीवर कैरीसुद्धा धरत नाही, ते झाड विकत घेताना विक्रेत्याने हापूसच तेवढा दाखवावा आणि आपण तो पाहून सबंध झाडाचा भाव द्यावा, असा हा व्यवहार आहे.

प्रथम हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. वाचकांनी आपल्या हाती आलेल्या शुल्कपत्रकातील आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी शुल्क, वसतिगृह, संगणक व साहित्य मिळून दर वर्षी ५ लाख रुपये लागले आणि ते सर्व ११ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले, असे धरू. मुद्दल झाले २० लाख. अभ्यासक्रमाची चार वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. ह्या सवलतीला बँकेच्या भाषेत ‘मोरॅटोरियम’ असे भारदस्त नाव आहे, आणि हप्ता थांबला म्हणजे व्याजही थांबले, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या ५ लाखांवर पाच वर्षांचे सरळव्याज २ लाख ७५ हजार, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर २ लाख २० हजार, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर १ लाख ६५ हजार आणि चौथ्या वर्षीच्या रकमेवर १ लाख १० हजार. एकूण ७ लाख ७० हजार. मुलाने पहिला हप्ता भरण्यापूर्वीच २० लाखांचे २७ लाख ७० हजार झालेले असतात. ही रक्कम दहा वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता येतो ३८,१५७ रुपये, आणि एकूण भरणा होतो सुमारे ४५ लाख ७९ हजार. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत पंधरा वर्षे करून घेतली, तर तो ३१,४८४ रुपयांवर उतरतो. परंतु एकूण भरणा ५६ लाख ६७ हजारांवर चढतो.

आता दुसरे पारडे. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलाला अंधेरी-गोरेगावच्या एखाद्या लहानशा स्टुडिओत महिना ३० हजार रुपये मिळू लागले, असे समजा. पंधरा वर्षांच्या मुदतीचा तो ‘सोपा’ हप्ता भरायलासुद्धा त्याचा सबंध पगार १,४८४ रुपयांनी अपुरा पडतो. विरार लोकलचा पास, दुपारचे जेवण, पायांतील वहाणा हे सर्व नंतरचे. मुलगा आईवडिलांच्या घरी राहतो, आईच्या हातचे जेवतो, बापाच्या निवृत्तिवेतनातून हप्त्याची तूट भरून निघते. आणि बाहेर मात्र बोलबाला होतो की, मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहून कर्ज फेडले.

पगार पुढे वाढतो, हे खरे. पण हप्ता पहिल्या महिन्यापासून पूर्ण द्यावा लागतो. तो पगाराच्या वाढीची वाट पाहत थांबत नाही. शिवाय वाढीचे आश्वासन देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्दांत सांगितले की क्षणार्धात चित्र काढून देणाऱ्या संगणकीय प्रणाली २०२२ साली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. छायाचित्रांची साफसफाई, एकाच जाहिरातीची दहा आकारांत मांडणी, पहिली कच्ची रेखाटने ही कामे नवख्याला दिली जात असत आणि त्यांवरच त्याचा हात बसत असे. त्यांपैकी किती कामे पाच वर्षांनी माणसाकडे उरतील, हे छातीठोकपणे कोण सांगेल? कर्ज मात्र पंधरा वर्षांचे आहे.

बुडाला तर कोणाचा बुडतो, हा तिसरा प्रश्न. भारतीय बँक महासंघाने २००१ साली आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. तिच्या चौकटीत आईवडील हे सहकर्जदार असतात. म्हणजे हप्ता चुकला तर मुलाबरोबर बापाचीही पत काळवंडते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी २०१५पासून केंद्र सरकारच्या पतहमी निधीचा आधार आहे. त्यापुढे बँक सर्वसाधारणपणे मालमत्ता तारण मागते. शेतजमिनीवर सिक्युरिटायझेशन कायद्याखाली जप्ती आणता येत नाही, म्हणून बँका वाडीकडे पाहून नाक मुरडतात आणि राहत्या घराचे किंवा सदनिकेचे कागद मागतात. घर कोणाला गहाण टाकवत नाही, म्हणून मग वाडीचा तुकडा विकला जातो. केळी, पानवेली आणि सोनचाफा पिकवून ज्या जमिनीने तीन पिढ्यांना शिकवले, ती चौथ्या पिढीच्या एका पदवीत संपते. ती विकण्याला माझा सरसकट विरोध नाही. जमिनीचे सोने करून मुलांना शहाणे करणारे पुष्कळ पालक मी पाहिले आहेत. विक्रीपूर्वी जे विचारायला हवे ते विचारले गेले नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ह्या व्यवहारात तिघे आहेत: संस्था, बँक आणि कुटुंब. संस्थेला शुल्क आगाऊ मिळते. मुलाला पुढे नोकरी लागो न लागो, तिचे काही अडत नाही. बँकेपाशी घराचे कागद असतात. तिने पदवीची पारख करण्याचे कारणच नाही, छप्पर तपासले की काम भागते. धोका उरतो तो एकट्या कुटुंबाच्या वाट्याला, आणि ज्याच्या वाट्याला धोका त्याच्याच हाती माहिती नाही. बाजारात मासळी विकणारी बाईसुद्धा गिऱ्हाइकाला कालवे उघडून दाखवते. लाखो रुपये घेणाऱ्या संस्थेला मात्र कवच बंद ठेवण्याची मुभा आहे.

संस्था आकडे देतच नाहीत, असे नव्हे. त्या एकच आकडा देतात, आणि तो सर्वांत मोठा असतो. एका शैक्षणिक मेळाव्यात मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. व्यासपीठावरील तरुण प्रतिनिधीने ‘सर्वोच्च पॅकेज’ सांगितले, तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मग त्याने ‘सरासरी पॅकेज’ सांगितले. पुढच्या रांगेतील एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, ‘साहेब, सर्वांत हुशार मुलाचे सोडा. वर्गातील मुले पगाराप्रमाणे ओळीत उभी केली, तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळतात?’ प्रतिनिधीने हसून उत्तर दिले की, आमची संस्था मध्यम दर्जाच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. टाळ्याही पडल्या. ते गृहस्थ खाली बसले. सबंध सभेत विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच होता, आणि त्याचे उत्तर टाळ्यांत बुडाले.

सरासरी आणि मधला आकडा ह्यांतील फरक बोटांवर मोजून दाखवता येतो. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला ३ लाख रुपये मिळाले आणि दहाव्याला ३३ लाख, तर एकूण झाले ६० लाख आणि सरासरी आली ६ लाख. ह्या दहांपैकी एकालाही ६ लाख मिळालेले नाहीत. मधल्या मुलाचा पगार ३ लाखच आहे. आणि हे दहा म्हणजे नोकरी लागलेले. वर्गात सोळा मुले असतील व सहा जण अद्याप घरी बसून असतील, तर ते सहा जण ह्या गणितात कोठेच नसतात.

आकड्यांची ही करामत कोणत्या थराला जाऊ शकते, ह्याची एक साक्ष अमेरिकेच्या सरकारी दप्तरात नोंदलेली आहे, आणि ती डिझाइनच्याच शिक्षणाची आहे. पिट्सबर्ग शहरात १९२१ साली सुरू झालेल्या एका कलाशाळेचे पुढे ‘आर्ट इन्स्टिट्यूट्स’ नावाच्या देशव्यापी साखळीत रूपांतर झाले. ग्राफिक डिझाइन, फॅशन, अंतर्गत सजावट असे विषय तेथे शिकवले जात आणि विद्यार्थी सरकारी कर्ज काढून शुल्क भरत. ह्या साखळीची मालक असलेली ‘एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी विद्यार्थी गोळा करणाऱ्या नोकरांना बेकायदा रीतीने डोईगणिक मोबदला देते, असा आरोप सरकारने न्यायालयात केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने ९ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचे मान्य करून तो दावा मिटवला. पुढे शिक्षण खात्याने चौकशी केली, तेव्हा आणखी काही बाहेर आले. आमचे ८० टक्क्यांहून अधिक पदवीधर सहा महिन्यांत आपल्याच क्षेत्रात नोकरीला लागतात, अशी जाहिरात होत होती. खात्याच्या निष्कर्षानुसार खरे प्रमाण सरासरीने ५७ टक्के किंवा त्याहूनही कमी होते. पगाराच्या बाबतीत तर कमालच झाली. जगद्विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने ह्या साखळीच्या फ्लोरिडातील एका शाखेत फॅशनचे शिक्षण घेतले होते. तिची वार्षिक कमाई पदवीधरांच्या सरासरीत मिसळण्यात आली! टेनिसच्या मैदानावर मिळवलेला पैसा फॅशनच्या पदवीच्या नावावर जमा झाला, आणि तो आकडा पाहून इतर मुलांनी कर्जे काढली.

३० सप्टेंबर २०२३ रोजी त्या साखळीच्या उरलेल्या आठही शाखा बंद पडल्या. १ मे २०२४ रोजी अमेरिकन सरकारने २००४ ते २०१७ ह्या काळातील ३ लाख १७ हजार विद्यार्थ्यांचे मिळून ६१० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. काही वाचक म्हणतील, शेवटी न्याय झाला की. झाला खरा, परंतु तिथे कर्ज देणारे सरकारच होते, म्हणून ते सोडून देणेही सरकारच्या हाती होते. आपल्याकडे ज्या दिवशी एखाद्या संस्थेचे असे बिंग फुटेल, त्या दिवशी घराचे कागद बँकेच्या तिजोरीत असतील. बँक म्हणेल, संस्थेने तुम्हांला काय सांगितले हे आम्हांला ठाऊक नाही. आणि कायद्याने तिचे म्हणणे बरोबर असेल.

त्याच देशाने आणखी एक गोष्ट केली, ती आपल्या उपयोगाची आहे. २०१४ साली तिथे एक नियम झाला. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांतील अभ्यासक्रमांना आणि इतर संस्थांतील प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांना तो लागू होता. पदवीधरांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता त्यांच्या एकूण वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावा, किंवा निर्वाहापुरती रक्कम वगळून उरलेल्या कमाईच्या २० टक्क्यांच्या आत असावा. दोन्ही कसोट्यांवर जो अभ्यासक्रम वारंवार नापास होईल, त्याच्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये पहिला निकाल लागला, तेव्हा आठशेहून अधिक अभ्यासक्रम नापास झाले आणि त्यांपैकी ९८ टक्के नफेखोर संस्थांचे होते. ‘थोर’ म्हणवणारेही सुटले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेला नाट्यशिक्षणाचा एक अभ्यासक्रम त्या यादीत होता. राजकारण बदलले तसा २०१९ साली नियम रद्द झाला आणि २०२३ साली पुन्हा आणला गेला. २०२५ सालच्या नव्या कायद्यातही, ज्या पदवीचे पदवीधर केवळ शालान्त शिक्षण झालेल्यांपेक्षा कमी कमावतात त्या पदवीसाठी कर्ज बंद करण्याची तरतूद आहे. पक्ष कोणताही असो, पदवीची किंमत तिच्या कमाईशी ताडून पाहिली पाहिजे, हे तत्त्व तिथे आता कोणी नाकारीत नाही.

आपल्या उदाहरणाला ती पहिली कसोटी लावून पाहा. त्या नियमात पदवीच्या कर्जासाठी पंधरा वर्षांची मुदत धरत असत, म्हणून आपणही तीच घेऊ. महिना ३१,४८४ म्हणजे वर्षाला ३ लाख ७७ हजार ८०८ रुपये. ही रक्कम कमाईच्या ८ टक्के असायची, तर पदवीधराची वार्षिक कमाई ४७ लाखांच्या वर हवी. आठ टक्के फार कडक वाटतात? वीस टक्के धरा. तरीही वर्षाला सुमारे १९ लाख हवेत. आपल्या धर्मग्रामातील डिझाइन शिकलेल्या मुलांपैकी नोकरीच्या पहिल्या वर्षी १९ लाख मिळवणारी मुले किती, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आपल्या देशात ह्या कसोटीच्या जवळपास जाणारा नियम नाही. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे ‘एनआयआरएफ’साठी, संस्था जी माहिती सादर करतात तीत नोकरी लागलेल्यांची संख्या व त्यांच्या पगाराचा मधला आकडा द्यावा लागतो, आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. ही चांगली सोय आहे; पालकांनी ती अवश्य वापरावी. परंतु तो आकडा संस्थाच भरते, तो नोकरी लागलेल्यांपुरताच असतो, आणि २०२५ पर्यंतच्या क्रमवारीत स्थापत्य, विधी, दंतवैद्यक ह्यांना स्वतंत्र विभाग असूनही डिझाइनला तो नव्हता. मोठ्या विद्यापीठात अभियंते आणि डिझाइनर एकाच आकड्यात विरघळून जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेने ह्याच क्रमवारीच्या आधारे आरंभी ८६० संस्था निवडल्या आणि त्यांत प्रवेश मिळवणाऱ्यांना तारणाविना कर्ज व मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना व्याजात ३ टक्के सवलत देऊ केली. सवलत स्वागतार्हच आहे. पण संस्थेची निवड करताना त्या विशिष्ट पदवीची कमाई पाहिली जात नाही. कर्ज मिळणे तेवढे सुलभ होते. नदीत उतरणे सोपे केले, पाणी किती खोल आहे हे सांगितले नाही.

हे अशक्य असते तर गोष्ट वेगळी. व्यवस्थापनशास्त्राच्या क्षेत्रात अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने पुढाकार घेऊन नोकऱ्यांच्या अहवालाचे एक मानक तयार केले आणि ते अहवाल बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळून घेण्याची प्रथा पाडली. जे व्यवस्थापकांच्या शाळेला जमले ते चित्रकारांच्या शाळेला का जमू नये? मला तरी एकच कारण दिसते. आकडे उघड झाले तर शुल्क उतरवावे लागेल.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो कलेवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो. ‘विद्येची अशी रुपये-आण्यांत तोलणी करायची, तर उद्या कोणी चित्र शिकणार नाही, अक्षरलेखन शिकणार नाही.’ मला ह्याच्या नेमके उलट दिसते. पैशाच्या विचारापासून कला मुक्त राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रथम तिला कर्जापासून मुक्त ठेवावे. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, ती सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीवर. विद्यार्थ्यांच्या बापांची घरे गहाण ठेवून नव्हे. चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल सादर केला, त्यात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीचे केलेले कौतुक प्रसिद्ध आहे. तीन वर्षांनी, १९६१ साली, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, ती सरकारी खर्चाने. पवईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले, तेही तसेच. ह्या विद्येचा लाभ सर्व समाजाला होतो, म्हणून तिचा भार समाजाने उचलावा, असा त्यामागील विचार होता. आज जे संगणकावर मराठी वाचतात त्यांच्यापैकी असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर राहिले, ते र. कृ. जोशी ह्यांनी घडवले. जे. जे.त शिकलेला व पवईला शिकवणारा हा अक्षरांचा माणूस. भारतीय रुपयाचे चिन्ह २०१० साली निवडले गेले, ते पवईच्याच केंद्रात संशोधन केलेल्या उदयकुमार ह्यांचे. त्यांना बक्षीस मिळाले अडीच लाख रुपये, म्हणजे आपल्या उदाहरणातील संस्थेच्या सहा महिन्यांचे शुल्क. ज्या कामाची देशाने एवढीच किंमत केली, ते काम करण्यासाठी दर महिन्याला ३१ हजारांचा हप्ता भरणारा तरुण मोकळा राहील काय? तो मराठी पाठ्यपुस्तकाची मांडणी करायला जाणार नाही, कुंभाराच्या चाकाशेजारी सहा महिने बसणार नाही, अंध मुलांसाठी खेळणी घडवणार नाही. जो जास्त देईल त्याच्याकडे तो जाईल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

दोष द्यायचाच तर आपल्या समाजाने तो थोडा स्वतःकडेही घ्यावा. सणाचे भित्तिपत्रक, क्रीडामहोत्सवाचे बोधचिन्ह, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका ही सर्व कामे आपण ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून फुकट करून घेतो. मंडप घालणाऱ्याला, बँडवाल्याला, आचाऱ्याला आपण पैसे मोजून देतो, प्रसंगी उचलही देतो. डिझाइन करणाऱ्याला चहा मिळतो. त्याच मुलाच्या बापाला मग आपण विचारतो, ‘काय हो, एवढे शिकवले, मुलगा कमावतो किती?’

संस्थेला प्रश्न विचारायचे ते लेखी विचारावेत. गेल्या तीन वर्षांत ह्याच अभ्यासक्रमात किती मुले दाखल झाली, किती उत्तीर्ण झाली, एका वर्षाच्या आत किती जणांना ह्याच क्षेत्रात पगारी काम मिळाले, आणि त्या सर्वांचा, सर्वोच्च नव्हे, मधला पगार किती. उत्तर लेखी आले नाही तर ते आलेच नाही असे समजावे. तोंडी उत्तराला न्यायालयात काय किंमत आहे हे आपल्यातील वकील मंडळी सांगतील. उत्तर मिळाले तर एक सोपे माप लावावे. कर्ज मधल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराएवढे असेल आणि शिकत असतानाचे व्याज वेळच्या वेळी भरले जात असेल, तर ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता त्या पगाराच्या सहाव्या हिश्श्यात बसतो. कर्ज दुप्पट झाले की हप्ता तिसरा हिस्सा गिळतो. त्यापुढे जाऊ नये. शिकत असतानाचे व्याज भरण्याची ऐपत नसेल तर कर्ज आपल्या ऐपतीबाहेर आहे, इतके हे साधे आहे. वरच्या उदाहरणात चौथ्या वर्षी ते व्याज महिन्याला १८,३३३ रुपयांपर्यंत जाते. ते भरत राहिल्यास मुद्दल वीस लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता ३८,१५७ ऐवजी २७,५५० रुपये येतो. बिगर-बँक वित्तसंस्था तारणाविना झटपट कर्ज देतात तेव्हा व्याजाचा दर आणि प्रक्रियाशुल्क दोनदा वाचून पाहावे. आणि मुलांनी जे. जे., पवई, अहमदाबाद ह्यांच्या प्रवेशपरीक्षांना एकदा नव्हे, दोनदा बसावे. एक वर्ष ‘वाया जाते’ म्हणून हळहळणारे पालक पंधरा वर्षांच्या हप्त्यांबद्दल हळहळत नाहीत, हे मला कधीच उमगलेले नाही.

शासनाकडे मागणी एकच आहे. ज्या अभ्यासक्रमासाठी बँका कर्ज देतात त्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा मधला पगार, बाहेरच्या तपासनिसाने पडताळलेला, प्रवेश-अर्जाच्या पहिल्या पानावर छापण्याची सक्ती व्हावी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, औषधाच्या वेष्टनावर किंमत छापता येते. मग वीस लाखांच्या मालावर त्याचा उपयोग किती जणांना झाला हे छापायला कोणाची हरकत असावी? आणि हप्ता कमाईच्या प्रमाणात बांधण्याची पद्धत ऑस्ट्रेलियाने १९८९ साली सुरू केली. तिथे ठरावीक उत्पन्नाच्या खाली असणाऱ्याला हप्ता भरावाच लागत नाही. आपल्या अर्थतज्ज्ञांनी त्या पद्धतीचा गांभीर्याने विचार करावा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर धर्मग्रामांच्या हाती एक गोष्ट आहे. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली खाजगी संस्थांचे प्रतिनिधी आपल्या सभागृहांत येतात, आपल्याच युवक मंडळांकडून खुर्च्या मांडून घेतात आणि आपल्याच मुलांचे फोन नंबर लिहून नेतात. पुढील वर्षीपासून त्यांच्याकडे आधी तो एका पानाचा तक्ता मागावा. तक्ता दिला तर सभागृह मोफत द्यावे, सूचनाफलकावर त्यांचे नाव लावावे आणि तक्त्याच्या प्रती दारात वाटाव्यात. दिला नाही तर त्या दिवशी सभागृह युवकांना कॅरमसाठी उघडे ठेवावे.